दामोदर चिटणिसांनी न दिलेला पासवर्ड

दामोदर चिटणीस हा माणूस मला कधीच आवडला नाही. वर्षानुवर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं आणि त्यांनी एकदाही मला ‘बसा’ म्हटलं नाही. त्यांच्या टेबलासमोर खुर्ची होती, पण तिच्यावर कायम मॅन्युअल्सचा गठ्ठा. पहिल्याच आठवड्यात मी तो उचलून खाली ठेवला, तेव्हा ते मान वर न करता म्हणाले, "शिर्केबाई, ती जागा पुस्तकांची आहे." मी गठ्ठा परत खुर्चीवर ठेवला आणि उभी राहिले. पुढेही उभीच राहिले.

आमचा कारखाना पंप बनवायचा. बडोद्याजवळचं बाजवा स्टेशन ओलांडून रिफायनरीच्या बाजूला वळलं की डाव्या हाताला. चिटणीस तिथे चौऱ्याऐंशी साली लागले. तेव्हा कंपनीत एकच कॉम्प्युटर होता, कपाटाएवढा, आणि त्या खोलीत शिरायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. सयाजी विद्यापीठातून गणित घेऊन पहिल्या वर्गात पास झालेला हा माणूस. मास्तरकी करायची नाही म्हणून या खोलीत येऊन बसला आणि तिथलाच झाला. घराणं जुन्या बडोद्याचं. पणजोबा संस्थानच्या कचेरीत, सरकारी शिक्के त्यांच्या ताब्यात असायचे, ही गोष्ट साहेब नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवत. ती ऐकवून झाली की त्याला हाकलत.

एक्याण्णवनंतर सगळं भराभर बदललं. परदेशातून ऑर्डरी यायला लागल्या, कपाटाएवढा कॉम्प्युटर जाऊन टेबलावरचे आले, मग नेटवर्क आलं, मग सर्व्हर. हे सगळं साहेबांनी एकट्याने उभं केलं, ते मान्यच करायला हवं. पण उभं केलेलं त्यांनी दुसऱ्या कुणाला कळू दिलं नाही. सर्व्हरचे, राउटरचे, डेटाबेसचे सगळे पासवर्ड त्यांच्या डोक्यात. कागदावर एक अक्षर नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "लिहून ठेवला की तो पासवर्ड राहत नाही. पत्ता होतो." पासवर्ड टाकताना खुर्ची फिरवून आमच्याकडे पाठ करायचे. रुंद पाठ, पांढरा बुशशर्ट, आणि पलीकडून नुसता कीबोर्डचा आवाज.

दोन हजार तीनमधली गोष्ट. स्टोअरचा रिपोर्ट चुकत होता. मी शोधत बसले तर चूक साहेबांच्याच प्रोग्रॅममध्ये निघाली. मी हळू आवाजात, दार लावून, त्यांना सांगितलं. त्यांनी दार उघडलं आणि सगळ्या खात्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "शिर्केबाईंना चूक सापडलीय. आता त्याच मला शिकवतील." दुसऱ्या दिवसापासून मी आत आले की हा माणूस उठून उभा राहायचा. "या मास्तरीणबाई." लोक हसायचे. महिनाभर हे चाललं. चूक त्यांनी मधल्या मधे गुपचूप दुरुस्त केली होती, ते मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. मी नोकरी सोडली नाही, कारण नवऱ्याचं दुकान नुकतंच बंद पडलं होतं. त्यांचा द्वेष मात्र मनापासून केला.

पुढे नवे सर्व्हर आले, त्यांच्यात एक रिमोट कार्ड होतं. सर्व्हरच्या पोटात बसवलेला एक लहानसा स्वतंत्र कॉम्प्युटरच म्हणा. त्याची नेटवर्कची तार वेगळी, पासवर्ड वेगळा. सर्व्हर बंद पडला, अडकला, तरी हे कार्ड जागं असतं. घरी बसून त्यात शिरता येतं, सर्व्हर बंद-चालू करता येतो, त्याचा स्क्रीन बघता येतो. म्हणजे ज्याच्याकडे या कार्डाचा पासवर्ड, त्याच्या हातात अख्खा कारखाना. बिलं, गाड्या, स्टोअर, सगळं त्या एका सर्व्हरवर चालायचं. साहेबांनी कार्डाचा पासवर्ड भलताच लांब ठेवला होता. पाठीमागून मला तो ऐकून ऐकून पाठ झाला होता, अक्षरं नव्हे, ठेका. आधी चार ठोके झटपट, मग जरा थांबा, मग एक लांब सर, आणि शेवटी एंटर असा, की एखाद्याच्या कपाळावर टिचकी मारावी.

दोन हजार आठमध्ये मालक किरीटभाई अमीन यांनी कंपनी विकायला काढली. घेणारे विलायतेतले होते, त्यांचं भारतातलं ऑफिस पुण्यात. त्यांची कॉम्प्युटरची माणसं पुण्यात बसून आमचे सर्व्हर सांभाळणार होती आणि त्यासाठी त्यांना ही रिमोट कार्डंच हवी होती. सह्या होण्याआधी सगळे पासवर्ड आमच्या ताब्यात द्या, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. किरीटभाईंनी साहेबांना बोलावून तसा हुकूम केला. साहेब म्हणाले, "मी असताना पासवर्डची चिंता कशाला?"

"पण तुम्ही नसाल ना," किरीटभाई म्हणाले.

अशा रीतीने दामोदर चिटणिसांना कळलं की त्यांना घरी पाठवणार आहेत.

तसंही त्या वर्षात त्यांच्यापाशी उभं राहणं मुश्किल झालं होतं. आधी टोचून बोलायचे, आता ओरडायला लागले होते. शिपायाने चहा उशिरा आणला म्हणून कप भिंतीवर फेकला. मला म्हणायचे, "तुम्ही टाइप करा, मी काय कारकून आहे?" आणि मी टाइप केलं की चूक काढून आरडाओरडा. म्हातारपण आणि सत्ता जायची भीती, असं आम्ही म्हणायचो. त्यात आम्हाला मजाही वाटत होती. खोटं कशाला बोलू?

ताबा देण्याच्या दिवशी किरीटभाईंच्या केबिनमध्ये आम्ही तिघंच होतो. साहेब एकेका यंत्रात पासवर्ड टाकायचे, ते उघडलं की मी तिथे नवा पासवर्ड घालायचे. बोटं अडखळत होती, एकेक दोनदा टाकावा लागत होता, पण जमत होतं. शेवटी मुख्य सर्व्हरचं रिमोट कार्ड राहिलं. त्याचं पान उघडलं. साहेबांनी कीबोर्डवर बोटं ठेवली आणि तशीच ठेवून बसले. मग उठले.

"हा नाही देणार."

किरीटभाईंना वाटलं थट्टा आहे. हसले. "दामोदरभाई, हवे बस करो. आता पुरे."

"नाही देणार म्हणजे नाही देणार. पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर मला काय दिलंत? मिठाईचा खोका? जा, शोधा."

त्यांनी डब्याची पिशवी उचलली आणि निघून गेले. दार एवढं जोरात आपटलं की वरची तसबीर वाकडी झाली. किरीटभाई आधी पांढरे पडले, मग लाल झाले. "ब्लॅकमेल करे छे," ते म्हणाले. "माझ्या घरात बसून मला ब्लॅकमेल करतो! आत टाकतो त्याला."

पुढचे काही दिवस मी सगळं करून पाहिलं. सर्व्हरच्या आतूनही या कार्डाचा पासवर्ड बदलायची सोय असते. सर्व्हरचा पासवर्ड तर आता माझ्याकडे होता. पण साहेबांनी ती सोय आधीच बंद करून ठेवली होती. ते पडद्यावर दिसलं तेव्हा मी सगळ्यांना ऐकू येईल अशी शिवी दिली. बनवणाऱ्या कंपनीला फोन केला. ते म्हणाले, एकच मार्ग आहे: सर्व्हर बंद करा, झाकण उघडा, आतला एक स्विच सरकवा. किरीटभाईंनी तो मार्ग उडवून लावला. गाड्या भरायचे दिवस, सर्व्हर एक तासही बंद होणार नाही, आणि झाकण उघडल्यावर पुन्हा चालूच झाला नाही तर?

"तुम्ही जा त्यांच्याकडे," ते मला म्हणाले. "तमे बंने मराठी छो. घरे जाओ, पतावी आवो, मिटवून या. नाही तर माझी तक्रार लिहून तयार आहे."

माझी जायची मुळीच इच्छा नव्हती. पण गेले.

साहेबांचं घर समा भागात, एका सोसायटीत तळमजल्यावर. दार नीराकाकूंनी उघडलं. साहेबांच्या पत्नी. त्यांना मी आधी एखाद-दोनदाच पाहिलं होतं. गोड बाई आहेत असं सगळे म्हणायचे. त्या दिवशी नव्हत्या. "काय काम आहे?" त्यांनी दारातच विचारलं. आत ये म्हटलं नाही. आतून साहेबांचाच आवाज आला, "येऊ दे तिला. शेठने कुत्रं पाठवलंय, भुंकू दे."

साहेब सोफ्यावर बसले होते, दाढी वाढलेली. मी उभीच राहून सांगितलं की किरीटभाई पोलिसात जाणार आहेत. तक्रार तयार आहे. या वयात पोलीस दारात येणं बरं दिसेल का?

"येऊ देत. त्यांना चहा पाजीन. तुला पाजणार नाही."

"सर, तुम्हाला काय हवंय? पैसे? शिफारशीची चिठ्ठी? काय हवंय ते सांगा, मी त्यांच्याशी बोलते."

"तू बोलणार? माझ्यासाठी?" ते हसले. "तुला तर पेढे वाटावेसे वाटत असतील."

"वाटतातच," मी म्हणाले. मलाही राग आवरेना. "तुम्ही गेल्यापासून सगळं खातं मोकळा श्वास घेतंय. फक्त तेवढा एक पासवर्ड टाका आणि आमच्या आयुष्यातून जा."

मी लॅपटॉप काढला, डेटा कार्ड लावलं, ते पान उघडलं आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "मला सांगूही नका. टाका. मी पाठ करते." आणि मी भिंतीकडे तोंड केलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याऐवजी मी पाठ केली होती.

ते ‘नाही’ म्हणतील, लॅपटॉप ढकलून देतील असं मला वाटलं होतं. पण मागून कळ दाबल्याचा आवाज आला. चार ठोके. मग थांबा. मी वाट पाहत राहिले त्या लांब सरीची. दोन कळा वाजल्या. पुन्हा शांतता. मग खोडल्याचा टकटक आवाज. पुन्हा चार ठोके, पुन्हा थांबा, पुन्हा दोन-तीन कळा, चाचपडत, अंधारात जिना उतरावा तशा. एंटर. काही झालं नाही. पुन्हा चार ठोके.

ज्याला द्यायचंच नाही तो असा पुन्हा पुन्हा टाकून बघत नाही.

मी वळले. साहेब पडद्याकडे बघत होते, कपाळावर घाम, उजव्या हाताची बोटं कीबोर्डवर वाकडी पडलेली. आणि तोंड हलत होतं, शाळेत मूल विसरलेली कविता आठवतं तसं.

"सर," मी म्हणाले, "तुम्हाला आठवत नाहीये का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. असं कुणी माझ्याकडे आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मग लॅपटॉप फाडकन मिटला आणि उभे राहिले. "बाहेर हो! नीरा, हिला बाहेर काढ! मी देत नाहीये! ऐकलंस? देत नाहीये मी! सांग जाऊन तुझ्या शेठला, चिटणीस देत नाही!" ते बोलताना एक-दोन शब्द भलतेच निघाले, ‘शेठ’च्या जागी ‘शेत’ आलं, आणि ते स्वतःच्या लक्षात येऊन त्यांनी आणखी मोठ्याने आरडाओरडा केला. शेजारच्या गॅलरीत माणसं आली.

मी लॅपटॉप छातीशी धरून बाहेर पडले. सोसायटीच्या झाप्यापाशी, म्हणजे फाटकाशी, नीराकाकूंनी मला गाठलं आणि दंड घट्ट धरला.

"दिवाळीनंतर झालं," त्या म्हणाल्या. "सकाळी दाढी करताना. मेंदूतली एक बारीक नस बंद पडली म्हणे. हात चार दिवसांत सुधारला. बाकीचं नाही. त्यांनी मला शपथ घातलीय, मुलीलासुद्धा सांगितलं नाहीये."

"काकू, मग किरीटभाईंना सांगा ना! ते पोलिसात जातायत. यांना ते चोर समजतायत."

"समजू देत." दंडावरची पकड आणखी आवळली. "चोर म्हणून नेलं तर हा माणूस ताठ मानेने जाईल. डोकं गेलेला म्हणून कुणी कुरवाळायला आलं तर मरेल. तू कुणाला सांगितलंस तर, मधुवंती, मी तुझ्या घरी येऊन तुझ्या सासूसमोर तुझी शोभा करीन. समजलं?"

"समजलं. हात सोडा."

ऑफिसात परत आल्यावर किरीटभाईंनी विचारलं, काय म्हणाले. मी सांगितलं, "देत नाहीत."

दया आली म्हणून मी गप्प राहिले असं कुणाला वाटायला नको. नीराकाकूंच्या धमकीलाही मी घाबरले नव्हते. मला त्या माणसाचा राग करायचा होता. इतकी वर्षं सांभाळलेला, चांगला, हक्काचा राग. त्याच्या जागी कीव आणून बसवायला माझी तयारी नव्हती. आणि ज्या गोष्टीसाठी तो माणूस तुरुंगात जायला तयार होता, ती मी कोण किरीटभाईंच्या टेबलावर ठेवणारी?

मी सौदा केला. किरीटभाईंना म्हणाले, सर्व्हर उघडायची परवानगी द्या, रविवारी सकाळी, गाड्या नसतात तेव्हा. पासवर्ड मिळवून देते. मिळाला तर तक्रार फाडायची.

"का? त्याचा तुम्हाला एवढा पुळका?"

"पुळका नाही. पोलीस आले तर सर्व्हरच उचलून नेतील पुरावा म्हणून. मग पुण्याच्या लोकांना काय दाखवणार?"

हे मात्र त्यांना पटलं. पण म्हणाले, "सर्व्हर परत चालू झाला नाही तर तुम्हीही घरी."

रविवारी सकाळी मी सर्व्हर रीतसर बंद केला. पंखे थांबले आणि खोलीत एवढी शांतता पसरली की मलाच भीती वाटली. मी तारा काढल्या, सर्व्हर रुळांवरून बाहेर ओढला, झाकणाचे स्क्रू सोडवले. तेवढ्यात बाहेर गेटवर कुणीतरी मोठ्याने बोलताना ऐकू आलं. मग व्हरांड्यात पावलं, आणि दारात दामोदर चिटणीस. दाढी केलेली, तोच पांढरा बुशशर्ट. मागे धापा टाकत आलेल्या नीराकाकू आणि आणखी मागे गोंधळलेला वॉचमन. इतक्या वर्षांच्या सवयीने त्याच्याने साहेबांना अडवलं गेलं नव्हतं. मी आज सर्व्हर उघडणार हे त्यांना कुणी सांगितलं, ते मला कधी कळलं नाही. खात्यात चहाड्या करणारे पुष्कळ होते.

"हात लावायचा नाही!" ते ओरडले. "माझं यंत्र आहे ते."

"कंपनीचं आहे," मी म्हणाले. "सरका."

"तुला कळतंय काय काय करतेयस ते? जळेल."

"जळू दे."

ते सरकले नाहीत. पण आडवेही आले नाहीत. माझ्या खांद्यावरून वाकून बघत उभे राहिले. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा चिकटवलेला असतो, बोर्डावर काय कुठे आहे त्याचा. मी तो वाचत होते. बोर्डाच्या एका कडेला नखाएवढ्या स्विचांची पट्टी होती. त्यातला एक सरकवून सर्व्हर सुरू केला की रिमोट कार्ड पासवर्ड न विचारता आत घेतं; मग नवा घालायचा आणि स्विच पुन्हा जागेवर.

"तिसरा," साहेब मागून म्हणाले. "तिसरा सरकव. मीच बसवलंय हे सगळं."

नकाशात पहिला होता. तिसऱ्याने भलतंच काही पुसलं गेलं असतं. मी नकाशातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवलं. त्यांनी वाकून वाचलं. दोनदा वाचलं. त्यांचा श्वास माझ्या कानाशी होता. मग ते मागे सरकले आणि भिंतीला टेकले.

मी पहिला स्विच सरकवला. तारा लावल्या. पंखे गर्जत सुरू झाले. मी कार्डाचं पान उघडलं आणि त्याने आत घेतलं, मुकाट्याने, जणू कधी कुलूप नव्हतंच. मी नवा पासवर्ड घातला.

त्याच वेळी किरीटभाई आले. साहेबांना तिथे पाहून त्यांचा तोल गेला. मराठी, गुजराती, दोन्हीत जे सुचेल ते बोलले. नोकरी लावणाऱ्याच्या पाठीत सुरा, खाल्ल्या ताटात घाण, काय काय. साहेब भिंतीला टेकून ऐकत होते, आणि मला शपथेवर सांगता येईल, त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. हे त्यांच्या ओळखीचं होतं. याला उत्तर देता येत होतं.

"झालं ना तुमच्याशिवाय?" किरीटभाई शेवटी म्हणाले. "बाईने केलं. आता माफी मागा. लेखी. नाही तर मी सौदा-बिदा काही मानत नाही, आत्ता पोलिसांना बोलावतो."

"माफी?" साहेब ताठ झाले. "जे मी केलं नाही त्याची माफी मी मागत नाही."

बोलून गेले आणि थांबले.

"केलं नाही एटले शुं? म्हणजे काय?" किरीटभाई म्हणाले. "माझ्यासमोर ‘देत नाही’ म्हणालात!"

मी कीबोर्डवरून हात काढले. नीराकाकू "चला हो घरी" म्हणत पुढे झाल्या. साहेबांनी त्यांचा हात झटकला. एकदा माझ्याकडे पाहिलं; सांगून टाक, असं नव्हतं त्या नजरेत, तू गप्प बस, असं होतं. मग किरीटभाईंकडे वळून, त्यांना नीट कळावं म्हणून त्यांच्याच भाषेत, प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाले, "मने याद नथी."



"आठवत नाही मला," ते पुन्हा म्हणाले, आता मराठीत, कुणाला उद्देशून कोण जाणे. "दिवाळीपासून. अर्धा आठवतो."

किरीटभाईंचा सगळा राग एका क्षणात उतरला. मी तो उतरताना पाहिला. वाईट माणूस नव्हते ते. पुढे झाले, साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आजाऱ्याशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, "अरे दामोदरभाई, आवुं होय तो कहेवुं जोईए ने! सांगायचं ना! बेसो, बेसो. कोणी पाणी आणा रे." त्यांनी स्वतः साहेबांच्या टेबलासमोरची ती खुर्ची ओढली, तिच्यावरची मॅन्युअल्स खाली सारली.

साहेब बसले नाहीत. त्यांनी खांद्यावरचा हात काढला, दोन बोटांनी, कपड्यावरची पाल काढावी तसा, आणि निघून गेले. शिव्या ऐकताना सरळ असलेली पाठ व्हरांड्यातून जाताना वाकलेली दिसली. नीराकाकू माझ्याजवळून जाताना थांबल्या. "झालं समाधान?" त्या म्हणाल्या.

"मी एक शब्द बोलले नव्हते, काकू."

"यंत्र तर उघडलंस ना."

मी सर्व्हर पुन्हा बंद केला आणि स्विच जागेवर सरकवला.

कंपनी विकली गेली. तक्रार फाडली. किरीटभाईंनी साहेबांसाठी एका मोठ्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली. साहेब गेले नाहीत. पण किरीटभाईंनी चांगल्या मनाने जी गोष्ट केली तीच वाईट ठरली. साहेबांवरचा ब्लॅकमेलचा डाग पुसावा म्हणून ते भेटेल त्याला सांगत सुटले: बिचाऱ्याचा दोष नव्हता, बिचाऱ्याचं डोकं गेलंय. महिन्याभरात बाजव्यातल्या पानवाल्यालाही ते माहीत झालं. ज्या लोकांनी या माणसाच्या भीतीने रजा मागायच्या टाळल्या होत्या, ते समाला फळं घेऊन जायला लागले. ज्याच्या चहाचा कप भिंतीवर फेकला होता तो शिपाईसुद्धा जाऊन आला. साहेबांनी कुणालाही आत घेतलं नाही. फळं फाटकावर सडायची. मी गेले नाही. माझ्याकडून त्यांना निदान तेवढं मिळालं.

त्यांच्या जागेवर मला बसवलं. पुण्याच्या माणसांशी माझं पटलं नाही, तीन वर्षांत मी दुसरीकडे गेले. वाटेल त्याला पासवर्ड मी देत नसे, पण एका पाकिटात बंद करून तिजोरीत ठेवत असे. यात त्यांच्यापासून शिकण्यासारखं काही नव्हतं; जे त्यांनी केलं त्याच्या उलट करायचं, एवढंच.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. लहरीपुऱ्याच्या बाजारात, दिवाळीच्या आधीच्या गर्दीत. विजेच्या सामानाच्या एका दुकानापुढे ते उभे होते, हातात काठी, बारीक झालेले. टॉर्च घ्यायची होती. दुकानदार ओळखीचा असावा, कारण तो त्यांच्याशी मोठमोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलत होता: काका, हे बघा, सेल असा घालायचा, हे टोक इकडे, समजलं का काका, परत दाखवू? साहेबांनी त्याला बोलून संपवू दिलं. मग टॉर्च काउंटरवर ठेवली आणि सुरू झाले. सेल कशाला म्हणतात, विजेचा प्रवाह कशाला म्हणतात, त्याचा बाप टांग्याला कंदील लावायचा तेव्हापासून हा दामोदर चिटणीस कॉम्प्युटर चालवत होता, आणि गिऱ्हाईक बहिरं आणि माजोरी दुकानदार शहाणा असं त्याला कोणत्या शाळेत शिकवलं? मधे शब्द अडकत होते. एखादा चुकीचा येत होता. पण थांबत नव्हते. गर्दी जमली. दुकानदाराचा चेहरा लाल झाला आणि तोही चिडून उलटून बोलायला लागला, आता मोठ्याने नाही, हळूही नाही, माणसाशी भांडतात तसा.

मी रस्त्याच्या पलीकडे पिशवी धरून उभी होते. गेले नाही तिथून. त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं, आणि गर्दीच्या डोक्यांवरून त्यांनी मला विचारलं, "काय बघतेस?"

"काही नाही, सर," मी म्हणाले.

त्यांनी तोंड फिरवलं आणि दुकानदाराचा उरलेला समाचार घ्यायला लागले.